कुमुदताईंचे हितसंबंध

आमच्या ऑफिसात फायलींसाठी कपाटं आहेत, किश्श्यांसाठी नाहीत. त्यामुळे ते माझ्याकडेच साचतात. कुणी चहाला भेटलं की एक काढतो, त्याच्यामागून दुसरा येतो आणि चहा थंड होऊन जातो.

आधी ऑफिस सांगतो. नागपुरात सिव्हिल लाइन्सला आमचं एक प्रशिक्षण केंद्र आहे, भारत, फिनलंड आणि केनिया अशा तीन देशांतल्या संस्थांनी मिळून चालवलेलं. सरकारी अधिकाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना सचोटी शिकवायची, जोडीला पर्यावरण कसं सांभाळायचं तेही. मी तिथला दुभाषा. म्हणजे दोन्हीकडचं बोलणं जसंच्या तसं पोचवायचं आणि आपल्या पदरचं काही घालायचं नाही. माझ्या स्वभावाला हे फार जड जातं!

कुमुदताई आमच्या हेडक्लार्क. दरवर्षी ऑफिसातलं एकजण सहा आठवडे फिनलंडला शिकायला जातं. आजवर गेलेल्या सगळ्यांचे व्हिसा, तिकिटं, विमे कुमुदताईंनी केले. स्वतः कधी विमानात बसल्या नाहीत. यंदा त्यांनीही अर्ज टाकला. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. ती त्यांना मिळावी असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटत होतं, पण सचोटीच्या ऑफिसात असलं काही मोठ्यानं बोलायची सोय नाही.

*

याच उन्हाळ्यात फिनलंडहून मारिका मॅडम शिकवायला आल्या. आल्या आल्या त्यांनी संचालक साहेबांच्या हातात चॉकलेटचा डबा ठेवला. आता भेटवस्तू घ्यावी की नाही हे आमच्याकडे समिती ठरवते. साहेबांनी डबा टेबलावर ठेवला, खोलीला कुलूप लावलं आणि समिती नेमली.

महिना मे! तिसऱ्या दिवशी समिती जमली, तोवर डब्यातून निघालेला तपकिरी ओघळ टेबलावरून खुर्चीवर उतरला होता. तिघं सदस्य बघत उभे राहिले. शेवटी आमचा शिपाई नत्थूजी दारातून म्हणाला, "साहेब, निर्णय तर होऊन गेला. पोछा मारू काय?"

*

याच नत्थूजीचा आणखी एक. ऑफिसचा कचरा रोज तोलायचा आणि आकडा तिन्ही देशांना कळवायचा, असा हुकूम निघाला. महिनाभर नत्थूजीच्या वहीत एकच आकडा, शून्य. मॅडमना वाटलं हा खोटं लिहितो. त्या स्वतः त्याच्यामागे फिरल्या.

रद्दी रद्दीवाल्याकडे. फळांची सालं शेजाऱ्याच्या बकऱ्यांना. चहाचा चोथा गुलाबांना. पाठकोरे कागद कापून, दोरा ओवून त्याच्या नातीच्या वह्या. खरंच काही उरत नव्हतं!

मॅडमनी भारावून विचारलं, "हे प्रशिक्षण तुम्ही कुठे घेतलं?"

"बायकोकडे," नत्थूजी म्हणाला. "अजून चालूच आहे जी."

*

एकदा वर्गात गांधीबागेतले एक कापडवाले शेठ बसले होते. मॅडम समजावत होत्या की मालातला दोष गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. शेठ म्हणाले, "मी तर रोज सांगतो. ह्या थानात डाग आहे, घेऊ नका."

"वा! मग गिऱ्हाईक काय करतं?"

"गिऱ्हाईक म्हणते, माणूस इमानदार आहे. मग त्याच्याहून महागाचं थान घेऊन जाते." शेठनी जरा थांबून विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे याचा कोर्स करावा लागते काय?"

मी जसंच्या तसं पोचवलं. मॅडम खूप वेळ हसत होत्या.

*

दोन वर्षांपूर्वीच्या भेटीत मॅडमनी आमच्या आवारात एक झाड लावलं होतं. यंदा त्यांनी ते बघायला मागितलं. संचालक साहेबांनी मोठ्या थाटात एका डेरेदार कडुनिंबाकडे हात केला, "हे बघा तुमचं झाड!"

माळी नामदेव बाजूलाच पाणी घालत होता. "नाही जी साहेब," तो म्हणाला. "हे आपल्या मनानं उगवलं. मॅडमचं बकरीनं खाल्लं."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी दुसरंच सांगावं. मी बकरीसकट सांगितलं. मॅडमनी नामदेवाशी हात मिळवला आणि म्हणाल्या, "इथे आल्यापासून मिळालेला हा सगळ्यात चांगला रिपोर्ट."

*

मग मॅडमना ऊन लागलं. दोन दिवस धंतोलीच्या दवाखान्यात सलाईन, आणि नंतर कुमुदताईंनी त्यांना सरळ आपल्या घरी नेलं. कूलरसमोर झोपवलं, डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, मुगाची खिचडी खाऊ घातली. आठ दिवस.

मॅडमच्या नियमांत कॉफीच्या कपापलीकडे काही फुकट घेता येत नाही. त्या अंथरुणातून उठून पैसे देऊ लागल्या. कुमुदताई मराठीतच बोलल्या, "काहून उठून राहिली वं? मी घरात मीटर नाही लावलं. चूप पन्हं पी!"

मी तोंड उघडायच्या आत मॅडम आडव्या झाल्या होत्या. इतक्या वर्षांत माझ्यावाचून अडलं नाही असं ते एकच संभाषण.

मॅडम परत गेल्या आणि ऑफिसात बातमी आली की निवड समितीत त्या आहेत. "कुमुदताई, आता बॅगच भरा," असं सगळे म्हणायला लागले. कुमुदताई आपल्या फायलींत डोकं घालून बसल्या. मला मात्र आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू?

*

मुलाखत व्हिडिओवर झाली. पडद्यावर तिघं: नैरोबीचे अध्यक्ष, दिल्लीचे एक अधिकारी आणि मारिका मॅडम. इकडे नवीन साडीत कुमुदताई, बाजूला मी, मागे संचालक साहेब.

अध्यक्षांनी सुरुवातीला रीतसर विचारलं, "समितीतल्या कुणाचं उमेदवाराशी काही नातं आहे का?"

प्रश्न समितीला होता. हात वर केला कुमुदताईंनी!

"आहे जी. मारिका माझी बहीण आहे."

संचालक साहेबांनी कपाळाला हात लावला. मी पडद्याकडे पाहिलं. मारिका मॅडमचाही हात वर होता.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "सख्खी बहीण?"

"आठ दिवसांची," कुमुदताई म्हणाल्या.

नियम म्हणजे नियम. मॅडमना बाहेर जायला सांगितलं आणि त्यांची चौकट काळी झाली. कुमुदताईंना ओळखणारं समितीत तेवढं एकच माणूस होतं.

अध्यक्षांनी छापील कागद उचलला. सगळ्या उमेदवारांना पहिला प्रश्न तोच होता. मी भाषांतर केलं, "आपला फायदा आणि आपलं कर्तव्य एकमेकांच्या आड आले, असा एक प्रसंग सांगा. तो कधी घडला, तेही सांगा."

कुमुदताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दोन मिनिटं झाली, साहेब."