खानसाहेबांचा अर्ज

साठी उलटली तरी मी स्वतःला फार हुशार समजत असे. आता ऐंशीच्या पुढे त्याचं हसू येतं, पण तेव्हा अमेरिकेत एडिसन गावी मुलाकडे राहायला आले ती पुण्यातल्या सरकारी ऑफिसातल्या अठ्ठावीस वर्षांच्या टायपिंगची ऐट घेऊनच.

शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एक अफगाण गृहस्थ राहत. जुन्या राजघराण्यातले. रशियाच्या फौजा घुसल्यावर देश सोडलेला. तेव्हापासून निरनिराळ्या देशांच्या वकिलातींना पत्रं लिहीत होते, की आमच्या घराण्याला पाठिंबा द्या. उमेदीची काही वर्षं दिल्लीत काढलेली, त्यामुळे हिंदी उत्तम. मी त्यांना खानसाहेब म्हणे, ते मला बहनजी. २००१ च्या हिवाळ्यात काबूलमध्ये नवं सरकार बसवायच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि खानसाहेबांना वाटलं, आता तरी आपल्याला कुणी बोलावेल. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पत्रं लिहिणार कोण?

"मी आहे ना!" इति अस्मादिक.

मुलगा म्हणाला, "आई, तू कशाला पडतेस यात? आणि कीबोर्ड बडवू नकोस, टाइपरायटर नाहीये तो."

खानसाहेब खुर्चीत ताठ बसून सांगत, "लिखिए, हमारे बग़ैर कोई फ़ैसला मंज़ूर नहीं होगा." मला ते फारच उद्धट वाटे. वरच्यांकडे काही मागायचं तर वाकून मागावं, एवढंच मी नोकरीत शिकले होते. मी आपली इंग्रजीत टाइप करी, की अर्जदार नम्रपणे विनंती करतो, त्याच्या प्रकरणाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. खाली 'आपला आज्ञाधारक'. ते विश्वासाने सही करत. अशी अकरा पत्रं गेली. मी मनात म्हणे, बघा, राजकारण असं करतात!

महिन्याभराने एकाच वकिलातीचं पाकीट आलं. चांगलं जाडजूड. खानसाहेब कोट घालून, दाढी करून ते घेऊन आले. मी फोडलं. आत व्हिसाचा कोरा फॉर्म. अर्ज आला म्हटल्यावर तिथल्या कारकुनाने तरी दुसरं काय पाठवावं?

"क्या कहते हैं?"

खोटं बोलायचं मनात आलं, पण तेवढी हुशारी ऐनवेळी सुचली नाही. सगळं सांगितलं. माझं 'नम्रपणे'सुद्धा.

समोरच्या चहावर साय धरली. मग खानसाहेब म्हणाले, "बाईस साल हुक्म लिखे, बहनजी, किसी ने लिफ़ाफ़ा तक नहीं भेजा. आपकी अर्ज़ी का जवाब तो आया."

रागावले असते तर बरं झालं असतं.

"भरिए," ते म्हणाले. "वो नहीं बुलाते, तो हम जाकर मिलेंगे."

नाव लिहिलं, जन्मस्थळ लिहिलं. व्यवसायाच्या रकान्याशी माझा हात थांबला.

"रिटायर्ड लिखूँ?"

त्यांनी हात नुसता हलवला, लिहा काहीही. मी 'रिटायर्ड' लिहिलं.