माशांची जात मी कशी मोडली

माशांमधली जातिव्यवस्था मी एका दुपारी माउसने संपवली. त्या दिवसाची जयंती कोणी साजरी करत नाही.

तेव्हा मी समतेची पत्रकं लिहायचो आणि चिमूरच्या बाजारात उभा राहून वाटायचो. लोक ती आदराने घ्यायचे आणि त्यावर चिवडा ठेवून खायचे. अशात माझी धाकटी बहीण सुनी तिथल्या कॉम्प्युटर क्लासात गेली आणि आमच्या तलावाच्या मच्छीमार सोसायटीसाठी तिने वेबसाइटचा मेनू बनवला. बटणांच्या जागी चक्क मासे! बाण नेला की मासा शेपूट हलवायचा, दाबला की तोंड उघडायचा आणि तोंडातून पान बाहेर! मरळ म्हणजे भाव, शिंगाडा म्हणजे सभासदांची यादी, कतला म्हणजे सभेची तारीख. सभासदांना हे वापरता आलं, तर नव्या बॅचला शिकवायला सुनीला ठेवू, असं क्लासचे सर म्हणाले होते.

बाबा एकदा क्लासात आले आणि अर्धा तास मरळीची शेपूट हलवत बसले.

"पोट्टीनं जिवंत केली ना बे मरळ!"

"बाबा, माझं नवीन पत्रक..."

"थांब ना बे, थे तोंड उघडून राह्यली!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. (मत्सर नव्हे. तात्त्विक मतभेद.) मी मेनूतला अन्याय शोधू लागलो आणि सापडला! कतला केवढा, शिंगाड्याला मिशा, मरळ चकचकीत!

"सुनी, हा मेनू विषमतावादी आहे."

"दादा, थे मासे हायेत."

"माशांत तरी जात काऊन पाह्यजे?"

"त्याइच्या जाती असतेतच! तू जेवून घे."

दाखवायच्या दिवशी सुनी सभासदांना आणायला स्टँडवर गेली, सर चहाला गेले. मला फक्त कॉपी-पेस्ट येत होतं. (क्रांतीला तेवढं पुरतं.) बटणं तीच ठेवली, वरचे मासे मात्र पुसले. त्या जागी एकाच मापाचे, एकाच चेहऱ्याचे, लालभडक मासे चिकटवले! खाली 'भाव', 'यादी', 'सभा' असं ठळक लिहिलं आणि सेव्ह केलं.

पंधरा सभासद आले, त्यांत बाबाही. सोसायटीचे अध्यक्ष ऋषीभाऊ माउस धरून बसले.

"ऋषीभाऊ, भाव पाहा बरं," सर म्हणाले.

"मरळ कुठी हाये पण? इथी तं एकच जात उरली!"

त्यांनी एक मासा दाबला. सभा. दुसरा दाबला. यादी. घाबरून पुन्हा पहिला दाबला.

"भाव नाई, सभाच निंगून राह्यली!"

सुनीने माझ्याकडे रोखून पाहिलं. सर घड्याळ पाहू लागले. बाबा पडद्याला नाक लावून म्हणाले, "याले कल्लेच नाईत. कोन्या तलावातला हाये हा?"

"समतेचा, बाबा!" मी छाती काढून म्हणालो.

"अबे समतेच्या! आमाले आकडे सोडून काई वाचता येत नाई म्हनून तं पोट्टीनं मासे ठेवले होते!"

आजवर निरक्षर जनतेला उद्देशून मी अकरा पत्रकं काढली होती. सगळी छापील.

सुनीने पर्समधून सीडी काढली. "मले मालूम होतं दादा काईतरी करन, म्हनून एक कॉपी लपवून ठेवली."

मरळ परतली. ऋषीभाऊंनी ती दाबली, तिने तोंड उघडलं, भाव बाहेर आला आणि पंधरा जणांनी टाळ्या वाजवल्या! सरांनी सुनीला तिथेच कामावर घेतलं.

नव्या बॅचला पहिलं नाव मी घातलं. घरी जिला 'ये पोट्टे' म्हणायचो, तिला चारचौघांत 'मॅडम' म्हणू लागलो. मॅडमनी पहिला गृहपाठ दिला: घरातल्या माणसांचा मेनू बनवा. मी बाबा, आई, मॅडम आणि मी, अशी चार अगदी सारखी बटणं केली. मग माझं थोडं मोठं केलं.

"दादा, हे काऊन मोठं?"

"मोठं नाही मॅडम, ते फक्त जवळ उभं आहे!"