पाणीबागेची कड

ऑफिसात तिला सगळे मौनीबाई म्हणत, आणि ते टिंगलीनं नव्हे, कौतुकानं. नगरपालिकेच्या नियोजन विभागात इतकी वर्षं काढायची आणि कुणाशी वाकडं येऊ द्यायचं नाही, ही काही गंमत नाही. तिथल्या बैठकांचा एक अलिखित कायदा होता: जो चूक दाखवेल, ती निस्तरायचं काम त्याच्याच गळ्यात. त्यामुळे बैठकीत सगळे शहाण्यासारखे चहा पीत बसत. आपली बाई त्यांच्यात सगळ्यांत शहाणी.

घरी मात्र ती ताई. तिचं माहेर उताराच्या तळाशी, गल्लीतल्या शेवटच्या घरात. पुढच्या खोलीत धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा, मागच्या खोलीत अर्धांगवायूनं खिळलेले बाबा. मोठा पाऊस झाला की वरचा सगळा रस्ता धो धो करत त्यांच्या उंबऱ्यात यायचा. मग भाऊ बाबांचा पलंग विटांवर चढवायचा, आणि पाणी ओसरेपर्यंत बाबा छताकडे बघत पडायचे.

म्हणून तिनं पाणीबाग आखली. चढावरच्या चौकात रस्त्यापेक्षा खोल बाग, झाडांखाली वाळू, वाळूखाली खडी. रस्त्यावरचं पाणी तिच्यात उतरणार आणि गुपचूप जमिनीत मुरणार. नवी गटारं नकोत, पंप नकोत. "बाबा, यंदा विटा टाकून द्या," तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं.

पण शहर काही एका हातानं चालत नाही. बाग उद्यान विभागाची, तिच्याखालचा पाइप गटार विभागाचा, रस्ता आणि त्याच्या कडेचे दगड रस्ते विभागाचे. शेवटच्या बैठकीत रस्ते विभागाच्या साहेबांनी आपला नकाशा टेबलावर पसरला. बागेभोवती कडेचे दगड सलग. पाणी आत शिरायला कुठे बोटभर फट नाही. बाईला ते पहिल्या नजरेत दिसलं.

"कोणाची काही हरकत?" साहेबांनी विचारलं.

बोललं तर नकाशा बदलायचा, तिन्ही विभागांच्या सह्यांसाठी जिने झिजवायचे. बाग उद्यानवाल्यांची आहे, बोलतील ते. साहेबांनी पुन्हा विचारलं. उद्यानवाले बिस्किट बुडवण्यात गढले होते. प्रत्यक्ष काम करताना ठेवतीलच की कुणीतरी फट, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि नकाशा मंजूर झाला.

पावसाळ्यात एका दुपारी भावाचा फोन आला. "ताई, पाणी आलंय घरात."

"शक्यच नाही!" ती म्हणाली आणि धावत सुटली.

ती चौकात पोचली. रस्ता नदीसारखा वाहत होता आणि मधोमध तिची बाग होती, जवळजवळ कोरडी. पाणी कडेच्या दगडांना घासत, बागेला वळसा घालून थेट गल्लीत घुसत होतं. पूर्वी ते इकडेतिकडे पसरायचं तरी. आता दगडांनी त्याला सरळ तिच्या माहेरची वाट दाखवली होती.

विटा भावानं खरंच टाकून दिल्या होत्या. बाबांची गादी भिजली होती. त्यांचा चांगला हात पलंगाची कड घट्ट धरून होता. दोघांनी मिळून त्यांना उचलून शेजाऱ्यांच्या माडीवर नेलं.

मग भावानं कुणाकडून तरी पहार आणली. केसाएवढे स्क्रू चिमट्यानं उचलणारा, मुंगीला वाट देणारा तिचा भाऊ, चौकात जाऊन कडेच्या दगडावर घाव घालू लागला.

"अरे, सरकारी काम आहे ते!" ती ओरडली. ओरडली आणि स्वतःच हबकली. बाबा भिजत होते तेव्हासुद्धा तिचा आवाज इतका चढला नव्हता.

दगड निखळला. पाणी क्षणभर घुटमळलं आणि धबधब्यासारखं बागेत कोसळलं. गल्लीतली धार बघता बघता बारीक झाली.

भाऊ धापा टाकत तिच्याकडे वळला. "एवढंच हवं होतं? एक दगड? ताई, तुला माहीत नव्हतं?"

तिनं नजर निखळलेल्या दगडाकडे वळवली. तो काय समजायचं ते समजला आणि पहार खांद्यावर टाकून चालू लागला.

पुढच्या बैठकीत पहिलाच विषय, दगड फोडणाऱ्यावर कारवाई. साहेबांनी सवयीनं विचारलं, "कोणाची काही हरकत?"

"माझी आहे," मौनीबाई म्हणाली. सगळ्यांचे कप हवेतच थांबले. "फोडणारा माझा भाऊ. पण फट नाही हे मला नकाशातच दिसलं होतं. मी गप्प बसले. माझे वडील त्या पाण्यात होते."

तिला वाटलं, आता सगळे तुटून पडतील. पण उद्यानवाल्यांनी कप खाली ठेवला. "खरं सांगू? मलाही दिसलं होतं."

"मलाही," गटारवाले पुटपुटले.

बाई सुन्न होऊन एकेकाकडे बघत राहिली. शेवटी तिची नजर साहेबांवर गेली. ते टेबलाकडे बघत होते.

"मग मी दोनदा का विचारलं होतं, बाई?" साहेब म्हणाले.