सरांची बदाम सत्ती

दर शनिवारी तीच चार माणसं पत्ते खेळायला बसली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते साचतच जातात. मांडवीला सावंत सरांच्या पडवीत आमचं ब्रिज चालतं. सर गणिताचे निवृत्त शिक्षक, माझे पार्टनर. आमच्याविरुद्ध पावसचे बागायतदार शिवलकर आणि हॉस्पिटलात नर्स असलेल्या ज्योतीताई.

शिवलकर बोली करताना, म्हणजे आपण किती हात करणार ते सांगताना, जगाला विसरतात. एकदा ऐन विचारात असताना फोन आला. बागेतला गडी विचारत होता, आंबे काढायला घेऊ का? शिवलकर म्हणाले, "पास." गडी घरी गेला. झाडावर पिकलेले ते आंबे आम्ही आठवडाभर खात होतो.

ज्योतीताईंचं उलट. पत्ते चारचे असले तरी त्या दोनवर थांबायच्या. एका शनिवारी मात्र त्यांनी थेट सहाची बोली लावली. शिवलकरांचा चेहरा उतरला. पण हवा तो राजा हव्या त्याच बाजूला निघाला आणि बोली पुरी झाली! हे धाडस कुठून आलं, असं शिवलकरांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "लेकीला मुंबईला अ‍ॅडमिशन मिळाली. म्हटलं, आज आपणही मोठं मागून बघू."

आरे-वारेच्या सहलीत सरांनी माझा चुकलेला डाव ओल्या वाळूत शिंपल्याने काढून दाखवला. लाट आली, डाव पुसला. सुटलो, असं मला वाटलं. सर चार पावलं वर सरकले आणि पहिल्यापासून काढायला लागले. सरांच्या पत्नी, सुमतीवहिनी, म्हणाल्या, "भरती अजून चढायचीय. तोवर जेवून घ्या."

गेल्या पावसाळ्यात सरांना पक्षाघात झाला. हातपाय सावरले, शब्द मात्र गेले. त्यांना समजतं किती, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. वहिनी काही विचारायच्या, सर नुसते बघत राहायचे. दिवाळीनंतर वहिनींनीच आम्हाला बोलावलं. बोली तोंडाने न करता छापील कार्डं मांडायची, असं आम्ही ठरवलं. सर दर वेळी पासचंच कार्ड ठेवत होते. वहिनी मागे उभ्या होत्या.

शिवलकरांनी चार इस्पिकचं कार्ड मांडलं, म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात त्यांनी करायचे. मी बदामचा एक्का टाकला. ब्रिजमध्ये पार्टनरशी बोलता येत नाही, पानातूनच सांगायचं असतं. लहान पान दिलं तर दुसरं काही खेळ, मोठं दिलं तर हेच पुन्हा. सरांनी सत्ती दिली. मुद्दाम दिली, की हाताला लागली म्हणून? मी बराच वेळ घुटमळलो, मग बदामचा राजा खेळलो. सरांनी दुर्री दिली, म्हणजे लहान पान हातात असताना सत्ती आधी दिली होती. तिसरं बदाम सरांनी हुकमाने कापलं आणि लगेच किलवरचा एक्का टेबलावर ठेवला. चार हात आमचे झाले, बोली पडली.

हरून इतके खूश झालेले शिवलकर मी कधी पाहिले नव्हते. ज्योतीताई डोळे पुसत होत्या.

वहिनींना काही कळेना. "काय झालं?"

"सरांनी मला सांगितलं, बदामच खेळत राहा."

"ह्यांनी सांगितलं?"

"हो."

वहिनी सरांकडे बघत राहिल्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "उठा जरा. मला बसू द्या तिथे."