डावीकडे ओढणारी गाडी

बाबांच्या हातून गाडीची किल्ली मीच काढून घेतली. परतवाड्याहून येताना त्यांनी रस्त्याकडेच्या एका हातगाडीला गाडी घासली होती, आणि अशा वेळी कुणाचं ऐकून घेणारी बाई मी नाही.

"माय, गाडी डाव्या अंगाले ओढून राहिली," ते म्हणाले. "माहा हात बराबर हाये."

दुसऱ्या दिवशी मी गाडी अमरावतीतल्या आमच्या कॉलनीत फिरवून पाहिली. सरळ चालली. चाकांचं अलाइनमेंट तपासून आणलं, तेही ठीक निघालं. मग बाबांच्या वयावर खापर फोडून मी मोकळी झाले. दर रविवारी परतवाड्याला आपल्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे, जायचा त्यांचा नेम तुटला. मी नेईन म्हणाले होते. दोन वर्षांत तीनदा नेलं, तेही एसटीनं; गाडी दारातच उभी होती.

बाबा गेल्यावर गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक अकोल्याचं होतं. मूर्तिजापूर मागे पडलं आणि गाडी डावीकडे जायला लागली. स्टिअरिंग उजवीकडे धरून धरून अकोल्यापर्यंत माझे हात भरून आले. दिसलं त्या पहिल्या गॅरेजात शिरले.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पुढची दोन्ही चाकं आपसात बदलली आणि एक चक्कर मारली. ओढ डावीकडेच राहिली, म्हणजे टायरचा दोष नव्हता. मग जॅक लावून त्यांनी उजवं चाक हातानं फिरवलं, ते गरगर फिरलं. डावं अर्ध्यातच अडलं.

"ब्रेक चाकाले पकडून राहिला, बाई. गाडी थंडी असली का सरळ चालते. अर्धा-पाऊन घंटा चालून गरम झाली, का मंग ओढते. गल्लीत फिरवून नाई समजत हे."

अमरावतीहून परतवाडा तासाभराच्या वाटेवर आहे. बाबांना हे दर रविवारी जाणवत होतं, आणि ते मला सांगतही होते. मी तिथल्या स्टुलावर बसून रडले. मिस्त्रींनी पाणी आणून दिलं.

ब्रेक दुरुस्त करून घेतला, पण गाडी मी विकली नाही. पुढच्या रविवारी तीच घेऊन आत्याकडे गेले. दोष गाडीत होता, बाबांच्या हातात नव्हता, आणि किल्ली मी काढून घेतली होती, सगळं तिला सांगून टाकलं.



"किल्ली तुनं घेतली होती?" आत्या म्हणाली. "मले तं तो फोनवर म्हने, पोरगी रोज म्हनते चाला, घेऊन जाते, पन मलेच आता यावंसं नाही वाटत. दोन वर्सं मी त्याच्यावर रुसून होती."