जीपला फेणी पाजली तेव्हा

आमची पेट्रोलवरची जुनी जीप चढावर फट् करून असा बार काढायची, की तो कोरगावात वाजला की पेडण्याच्या बाजारात लोक पालखी निघाली समजून हात जोडायचे. ज्याला पटत नाही त्याने तेव्हा पेडण्यात असायला हवं होतं.

ही जीप पूर्वी सुर्लेच्या खाणीवर होती. म्हणून डिचोलीच्या मिस्त्रीचं निदान ती गॅरेजात शिरायच्या आधीच तयार असे: खाणीची माती. त्या बाजूला पोराचे दात उशिरा आले तरी खाणीच्या मातीला बोल लावतात. कार्बोरेटर खोल, जेट म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक फुंक, बसव. चार दिवस बरी चालायची, मग पहिल्यापेक्षा वाईट. पुन्हा खोल, पुन्हा फुंक.

शेवटी थोरल्या भावाने निकाल दिला. चहात पाव बुडवत म्हणाला, "सांजेक भंगारवालो येतलो. आडवो येव नको."

"दादा, जित्या माणसाक कोण जाळता?"

"जिती? काजूच्या बागेचो चढाव चढाना ती."

"चढली तर?"

"तर रवांदी घरात. चढव मरे, माकाय बघूक होया."

तो हसला, आणि माझं डोकं फिरलं. घरात मी धाकटा. माझं लग्नसुद्धा दादाच्या सोयीने ठरलं. पण त्या जीपच्या सीटवर बसलो की मी कोणाचाच धाकटा नव्हतो. ती सीट मी भंगारात देणार नव्हतो.

प्लग काढला. टोक राखेसारखं पांढरं. धडधाकट गाडीचा प्लग कॉफीच्या रंगाचा असतो. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. चोक ओढला की गाडी शहाण्यासारखी चालायची, आत ढकलला की धापा टाकायची. चोक वरची हवा अडवतो. म्हणजे जादा हवा दुसऱ्याच कुठल्या भोकातून आत शिरत होती. आणि जिथून हवा जाते तिथून दारूही जाणारच, आणि ती आत पेटली की इंजिन उसळून भोक कुठे ते सांगणारच.

दादाच्या कपाटात खोकल्याला म्हणून ठेवलेली फेणी होती, इतकी कडक की बूच काढलं की भिंतीवरच्या पाली खाली पडायच्या. गायीच्या इंजेक्शनची सिरिंज धुऊन तिच्यात भरली, थंड इंजिन चालू केलं आणि सांध्यासांध्यावर थेंब टाकत गेलो. या बाजूला, काही नाही. त्या बाजूला, काही नाही. कार्बोरेटरच्या बुडाला मागून थेंब पडला मात्र, इंजिन असं उसळलं की परसातल्या कोंबड्या माडावर चढल्या.

आवाज ऐकून दादा बाहेर आला. "ती बाटली माझी मरे."

"औषधाची म्हणालेलंस ना? औषधाकच लागली."

कार्बोरेटर उतरवला. खाली दोन लोखंडांमध्ये बसतं ते पॅकिंग हातात आलं आणि मी बघतच राहिलो. लग्नपत्रिका. करपलेली, चिरलेली, पण सोनेरी अक्षरांत 'शुभवि' इतकं शाबूत, आणि गणपतीची अर्धी सोंड. माती फुंकायला मिस्त्री दर वेळी कार्बोरेटर खोलायचा, आणि दर वेळी हाताला लागेल त्या आमंत्रणाचं पॅकिंग कापून बसवायचा. डिचोलीत लग्नांना तोटा नाही. नसलेली माती काढता काढता त्याने हवेला दार उघडून दिलं होतं.

पेडण्याहून खरं पॅकिंग शीट आणलं, बुडावर धरून कडेकडेने हातोडीने ठोकत नेमक्या आकाराचं कापलं आणि नटबोल्ट आवळले.

संध्याकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन आला, बेळगावकडचा गडी. जीपकडे कान लावून दादाला म्हणाला, "मालक, ही चालू हाय की. मला कशाला बोलिवलासा?"

दादा काही बोलायच्या आत मी गिअर टाकला. दुसऱ्या गिअरमध्ये बागेचा चढाव चढून गेलो. फट् नाही, धाप नाही. वरून मी इतका वेळ हॉर्न वाजवला, की म्हणे वास्कोला एका जहाजाने उत्तर दिलं. खाली आलो तेव्हा टेम्पो वळत होता आणि दादा उद्या काजू भरून आणायच्या रिकाम्या टोपल्यांकडे बघत होता.

"फाल्यां काजी हाडूक होयी," तो म्हणाला. "जीप मेळतली?"

"कोणाची जीप?"

"तुझी," तो पुटपुटला.

इंजिन इतकं मऊ चाललं होतं की पलीकडच्या फांदीवरची मुंगी ऐकू यावी.

"आयकूक येना, दादा," मी म्हणालो. "आवाज बघ किती करता ही."