आपली आज्ञाधारक

सरळच सांगते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको. आमच्या शाळेतल्या मावशींचा मला हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखण्याइतका. मी सव्वीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळलेली बाई, आणि त्या शाळेचे जिने पुसणाऱ्या, नळ आणि संडास धुणाऱ्या. आमची तुलना व्हायचं काही कारणच नव्हतं. म्हणून तर जास्त झोंबायचं.

मावशी पन्नाशीच्या. अंगात निळा कोट, कॉलरच्या आत टोचून ठेवलेली दोरा ओवलेली सुई, खिशात किल्ल्यांचा जुडगा आणि दोन दात मोडलेला कंगवा. जिन्याखाली नळांची रांग होती, तिथे त्यांचं बुटकं लाकडी स्टूल. मधल्या सुट्टीत त्या स्टुलावर टेकल्या रे टेकल्या की पोरांचा गराडा पडायचा. कुणाचं बटण तुटलेलं, कुणाची वेणी सुटलेली. बटण आपलं निमित्त. ते लावून होईपर्यंत पोर मनातलं सगळं ओकून मोकळं व्हायचं. मावशी मान वर करायच्या नाहीत, डोळे मोठे करायच्या नाहीत. "हं, मग?" एवढंच म्हणायच्या. दोन शब्दांत त्यांचं काम भागायचं, आणि मी बी.एड.ला बालमानसशास्त्रात पहिली आले होते!

त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीचं दप्तर भरून ठेवलं होतं म्हणे, आणि त्याच दुपारी हातात कपड्यांची पिशवी देऊन त्यांना आत्याकडे धाडलं, तिची मुलं सांभाळायला. जातेस का म्हणून कुणी विचारलं नाही. पुढे लग्न, दोन मुली, नवरा लवकर गेला, मग आमची शाळा. थोरली आता दवाखान्यात नर्स आहे. हे सगळं मला ऑफिसातल्या क्लार्ककडून कळलं. माझ्याशी मावशींचं बोलणं म्हणजे "बाई, फळा पुसू का?" बस्स.

त्या वर्षी वरून पत्रक आलं. मुलांचे हक्क, मुलांचं म्हणणं, बालसभा घ्या, सूचनापेटी लावा. मुख्याध्यापक सरांनी ते माझ्या गळ्यात घातलं आणि मी मान पुढे करून घालून घेतलं. मला वाटलं, आता बघूच पोरं कुणाकडे येतात. सुताराकडून प्लायवुडची पेटी करून घेतली, तिच्यावर निळ्या रंगात 'आमचा आवाज' असं रंगवलं, कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. पेटी सरांच्या दाराशेजारी टांगली. जुन्या घड्याळाचा खिळा तिथे आयताच होता.

मग वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमच्याबद्दल काही ठरवताना आम्हाला विचारा.' मुलांनी वहीत उतरवून घेतलं. चिठ्ठी कशी लिहायची तेही शिकवलं. वर महोदया, मग विषय, मग सविनय विनंती, आणि शेवटी आपला किंवा आपली आज्ञाधारक. एका मुलीने विचारलं, "बाई, तक्रार असली तरी आज्ञाधारक?"

"तक्रार असली की जास्तच," मी म्हटलं.

महिन्याभराने पेटी उघडली. आत एक चॉकलेटचा कागद, एक पेन्सिलचं टोक आणि माझ्या वर्गातल्या मॉनिटरने क्लार्ककडून टाकून घेतलेली चिठ्ठी. 'विषय : सर्व छान आहे.'

आणि त्याच आठवड्यात मावशी सरांकडे गेल्या. मुलींच्या शेवटच्या दोन संडासांची कडी आतून लागत नव्हती. मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत, जायला लागू नये म्हणून. काहींची डोकी दुखायची, आणि मी बापडी त्यांना "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून उभं करत होते. दुसऱ्या दिवशी कड्या बसल्या. आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं ते असं की, मला का नाही सांगितलं?

शिक्षकांच्या बैठकीत सर हसत हसत म्हणाले, "आपली बालसभा मावशींच्या स्टुलापाशी भरते, आणि पेटी बाईंच्या खिळ्याला लटकते." सगळे हसले. मीही हसले, दात आवळून.

घरी तरी काय वेगळं होतं? माझी मुलगी दर रविवारी फोन करते. मी उचलला की जेवलीस का, बरी आहेस ना, आणि मग "आई, बाबांना दे ना." मग आमचे हे खिडकीपाशी उभे राहून तासभर हं हं करत बसतात. ठेवल्यावर मी विचारते, काय म्हणत होती? तर म्हणे, काही नाही, असंच.

मला कुणी काही सांगायचंच नाही, असं मात्र नव्हतं. त्याच वर्षी जूनमध्ये वर्गातल्या एका मुलाने सांगितलं होतं, की तो अजून आईचा गाऊन उशाशी घेतल्याशिवाय झोपत नाही. इतकं गोड वाटलं, की मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. खेळाच्या सरांनी मैदानावर त्याला त्यावरून चिडवलं. पोरगा दोन दिवस शाळेत आला नाही. गंमत होती ती. निदान मी तशी समजत होते.

तर बैठकीनंतर मी सरांचे कान भरले. खोटं एक अक्षर बोलले नाही, हे विशेष. म्हटलं, मधल्या सुट्टीत जिन्यापाशी गर्दी होते, कुणी घसरून पडलं तर? मावशींचं काम मागे पडतं. आणि मुलांनी बोलायची रीतसर सोय केलेली असताना हे असं कोपऱ्यात कुजबुजणं बरं दिसत नाही. सरांना वाद नको असतो. रस्त्यापलीकडे आमच्याच संस्थेची मोठ्या मुलांची शाळा आहे, तिथे माणूस हवा होता. शुक्रवारी मावशींच्या हातात कागद पडला. "बरं," म्हणाल्या, आणि किल्ल्या जुडग्यातून एकेक काढून टेबलावर ठेवल्या. कामाच्या कपड्यांची एक पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडल्या. स्टूल शाळेचं होतं, ते राहिलं.

नवा शिपाई नळापाशी शिट्टी घेऊन उभा राहायचा. पोरं रांगेत पाणी प्यायची आणि गप्प वर्गात यायची. दहा दिवस माझ्या मनासारखी शिस्त होती. माझ्याकडे मात्र एकही पोर आलं नाही. बटण तुटलेली मुलं तशीच हिंडत होती.

अकराव्या दिवशी सकाळी सरांच्या दाराशी पाहते तर पेटीखाली मावशींचं स्टूल. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की ती पेटी माझ्या डोक्याच्या उंचीवर होती. तिसरीच्या मुलाने उडी मारली तरी हात पोचला नसता. मुलांचा आवाज मी मोठ्या माणसांच्या खिळ्याला टांगला होता, आणि महिनाभर कुणी काही बोलत नाही म्हणून रुसले होते.

कुलूप काढलं तर चिठ्ठ्या अंगावर सांडल्या. एक्केचाळीस. सगळ्यांचा विषय एकच, मावशी. सगळ्या माझ्याच साच्यातल्या, महोदया, सविनय विनंती, आपला आज्ञाधारक. एक तेवढी वेगळी होती. 'बाई, आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला विचारायचं, असं तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं. मावशी आमच्या आहेत. विचारलं का?' खाली 'आपली आज्ञाधारक' लिहिलेलं. त्यातला 'आज्ञाधारक' रेघ ओढून खोडला होता. राहिली होती नुसती 'आपली'.

ती चिठ्ठी फाडून टाकायचं माझ्या मनात आलं, हेही सांगून टाकते. किल्ली माझ्याकडे, मोजणारं कुणी नाही. पण सव्वीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने मला कसला जाब विचारला नव्हता, आणि विचारला तो मीच शिकवलेल्या वाक्याने. हात चालला नाही.

दुपारी बालसभा घेतली. म्हटलं, "मावशींना पाठवायला सरांना मी सांगितलं."

"का?" कुणीतरी विचारलं.

मोठ्या माणसांसाठी माझ्याकडे तीन कारणं तयार होती. मुलांपुढे एकही तोंडातून निघेना. "मला हेवा वाटला त्यांचा," मी म्हटलं. "तुम्ही सगळं त्यांना सांगता. मला कुणीच काही सांगत नाही."

मग शेवटच्या बाकावरून गाऊनवाला मुलगा हळूच म्हणाला, "पण बाई, तुम्ही सगळ्यांना सांगता ना."

रागाने नाही म्हणाला. हातावर वळ उठला असता तरी एवढं लागलं नसतं. बाकीची पोरं खाली बघत होती, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी त्याच्या बाकापाशी गेले आणि "माझं चुकलं" म्हटलं. तो "बरं" म्हणाला, आणि पेन्सिलला टोक करत राहिला.

सरांना गाठून सगळं खरं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि कागद बदलून दिला. शाळा सुटायच्या आधी मी स्वतः रस्ता ओलांडून गेले. मोठ्या शाळेच्या व्हरांड्यात मावशी बसल्या होत्या, आणि पिशवी भरून शेजारी ठेवलेली होती.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"पोरं आली होती ना फाटकाशी, आत्ता दुपारच्या छोट्या सुट्टीत."

म्हणजे माझ्या आधी पोचलीच. आतून पुन्हा तीच कळ आली. किती ठरवलं तरी माणूस एका दुपारीत सुधारत नाही. मी न राहवून विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाली?"

मावशींनी पिशवी उचलली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्यांना विचारते," त्या म्हणाल्या. "सांगा म्हणाली, तर सांगेन."